कानाच्या ऑपरेशननंतरची चक्कर: कोणी यातून गेलंय का?

गुजरीवाला

नमस्कार मंडळी. डाव्या कानाचं मास्टॉइडचं (कानामागच्या हाडाचं) ऑपरेशन होऊन महिना होत आला. लहानपणापासून कान वाहायचा, कापूस घालून दिवस काढले. शेवटी सीटी स्कॅनमध्ये निघालं की आत कोलेस्टिटोमा, म्हणजे कातडीच्या पेशींचा वाढत जाणारा गोळा, आहे आणि तो हाड खात खात आतल्या कानापर्यंत पोचलाय. तोल सांभाळणाऱ्या ज्या तीन नळ्या असतात, त्यातल्या आडव्या नळीवरचं हाड झिजून बारीक भोक पडलं होतं. दाढी करताना कानापुढची कुर्ची दाबली गेली तरी आरसा हलायचा, तो त्यामुळंच. सर्जननी सगळं साफ करून भोक बुजवलं. कान आता कोरडा आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती चक्करची. सुरुवातीला उशीवरून डोकं उचललं की खोली फिरायची, ओकाऱ्या व्हायच्या. बायको म्हणायची, तुमची बुबुळं एका बाजूला झटके देतायत. ते थांबलं. आता निराळंच सुरू आहे. माझं काम दागिन्याचं, कोल्हापूरच्या गुजरीत बसतो. दिवसभर मान खाली, गिऱ्हाईक आलं की झटक्यात वर. मान वर होते, पण समोरचं दृश्य जरा मागनं येतं. महाद्वार रोडच्या गर्दीतून चालताना पाय आपोआप डावीकडं ओढतात. परवा एक ओळखीचे लांबनंच म्हणाले, "काय राव, सकाळी सकाळीच?" हसून सोडून दिलं, पण लागलं.

तेव्हापासून घरचे खोलीबाहेर पडू देत नाहीत. चक्करची गोळी अजून दोन वेळा चालू आहे. माझे प्रश्न: हे जातं का? गोळी किती दिवस घ्यायची? मोटारसायकल कधी? आणि बारीक डाख लावायला मी अजून तोंडानं फुंकणी फुंकतो, ती कधी चालेल?

रंकाळा_फेरी

दादा, जातं. माझंही मास्टॉइडच होतं, उजव्या कानाचं, बरीच वर्षं झाली. मला कोणी एक गोष्ट आधी सांगायला हवी होती, ती तुम्हाला सांगते: डोळे मिटले की घात होतो. तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि मी मोरीच्या भिंतीवर. तेव्हापासून स्टुलावर बसून अंघोळ, आणि साबण लावताना एक हात नळावर. देवघरापुढं उभी राहून डोळे मिटून हात जोडले तरी झुलायचे, म्हणून बसून नमस्कार. रात्री उठायचं तर आधी दिवा, मग पाय. आमच्या घरी पॅसेजमध्ये झिरोचा बल्ब तेव्हापासून आजतागायत जळतो.

आणि खोलीत पडून राहू नका. मी सकाळी रंकाळ्यावर जायचे. आधी नवऱ्याचा दंड धरून एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत, तिथं बसायचं, परत. मग दंड सोडला. मग चालता चालता एकदा तळ्याकडं बघायचं, एकदा रस्त्याकडं. पहिल्यांदा असं केलं तेव्हा सरळ कठड्याला जाऊन टेकले. पण त्यानंच सुधारलं.

डोक्यावरून पाणी घेताना कानात व्हॅसलीन लावलेला कापूस विसरू नका.

तालमीतला

भावा, माझंबी असंच झालतं. ऑपरेशन न्हाई, कुस्ती खेळताना डोकं आपटलं. हातरुणात कुशी बदलली की घर गरागरा. मिनिटभरात बंद. परत कुशी बदलली की परत चालू. डॉक्टरनी पलंगावर पाडलं, डोकं खाली लोंबकळवलं, इकडं वळवलं, तिकडं वळवलं, उठवून बसवलं. खेळ खल्लास! गोळी न्हाई, काय न्हाई. मोबाईलवर व्हिडिओ हाईत त्याचे, बघून घरी कर की.

आमचं आजोबा तर कानात कोमट तेल घालायचं. त्यानंबी बरं वाटतंय म्हणायचं.

फिजिओताई

थांबा थांबा! तेल अजिबात नको. ऑपरेशन झालेल्या कानात सर्जननी दिलेल्या थेंबांशिवाय काहीही जाता कामा नये.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, तोल जाणाऱ्या पेशंटसोबत काम करते. गुजरीवाले दादा, तुमचा कान मी पाहिलेला नाही, तेव्हा माझं सगळं सर्जनच्या सल्ल्याच्या खालचं समजा.

आधी तालमीतल्या पैलवानांचं. तुम्हाला झालं होतं ते बीपीपीव्ही. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी सूक्ष्म खडे असतात, ते जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की कूस बदलताना, वर बघताना मिनिटभराच्या आत थांबणारी जोराची चक्कर येते. डॉक्टरांनी केली ती बहुधा एपलीची कृती. कानाच्या ऑपरेशनमध्ये ड्रिल चालतं, त्या हादऱ्यानं हे खडे सुटू शकतात, त्यामुळं तुमचा मुद्दा गैरलागू नाही. पण कोणता कान, कोणती नळी हे आधी तपासावं लागतं, त्याला डिक्स-हॉलपाइक चाचणी म्हणतात. आणि ताज्या ऑपरेशनवर व्हिडिओ बघून मान लोंबकळवणं तर नकोच.

आता दादांचं. तुमच्याकडं काटा असतो ना, दोन पारड्यांचा? तोलाचं तसंच आहे. आपण नुसते बसलो असलो तरी दोन्ही कानांतून मेंदूला सारखे संदेश जात असतात. मान वळली की एका बाजूचे वाढतात, दुसरीकडचे कमी होतात. त्यावरून मेंदूला वळणं कळतं. तुमच्या डाव्या बाजूचे संदेश एकदम घटले. मेंदूनं फरक बघितला आणि ठरवलं की आपण फिरतोय. बुबुळांचे झटके त्याचेच. काही दिवसांत मेंदू बसल्या जागचा हा फरक जुळवून घेतो, म्हणून तुमची पडल्यापडल्याची चक्कर थांबली. हालचालीतला फरक जुळवायला मात्र त्याला हालचालच लागते. मान हलली, दृश्य निसटलं, ही चूक कळली, पुढच्या वेळी थोडी दुरुस्ती झाली, असं ते चालतं. माणूस पडूनच राहिला तर मेंदूला चूक कळायची कशी?

गोळीचंही तेच. प्रोक्लोरपेराझीन, सिनारिझिन ही औषधं पहिल्या दिवसांतल्या ओकाऱ्यांना उत्तम, तेव्हा द्यायलाच हवीत. पण ती तोलाच्या संदेशांनाच गुंगी आणतात. आठवडेच्या आठवडे घेतली तर सावरणं लांबतं. मनानं बंद करू नका. सर्जनना फोन करून विचारा की आता लागते का. अशा धक्क्यातून बहुतेक जण सहा आठवडे ते तीन महिन्यांत बरेच सावरतात. वय जास्त असेल, नजर कमी असेल, साखरेनं पाय बधिर झाले असतील तर वेळ लागतो.

गुजरीवाला

ताई, काट्याचं उदाहरण एकदम पटलं. गोळीचं विचारलं. सर्जन म्हणाले, ती तर पहिल्या आठवड्यापुरतीच होती, चालू कशी राहिली? मेडिकलवाला जुन्या चिठ्ठीवर देत राहिला आणि आम्ही घेत राहिलो. आता बंद. व्यायामालाही त्यांनी हो म्हटलंय, फक्त जोर काढायचा नाही, जड उचलायचं नाही, नाक शिंकरायचं नाही. व्यायाम नेमका कसा करायचा?

फिजिओताई

एक पत्त्याएवढं कार्ड घ्या, त्यावर ठसठशीत "क" लिहा. खुर्चीत बसा, हात लांब करून कार्ड डोळ्यांसमोर धरा किंवा भिंतीला चिकटवा. आता नजर "क"वर खिळवून मान डावी-उजवी हलवा, नाही नाही म्हणतो तशी. अक्षर स्पष्ट दिसत राहील एवढाच वेग. अक्षर पुसट झालं की वेग कमी. अर्धा ते एक मिनिट, मग विश्रांती. मग हो हो म्हणतो तशी वर-खाली. दिवसातून तीन-चार वेळा.

लोक एक चूक हमखास करतात: मान स्थिर आणि कार्डच हलवतात. कार्ड जागचं हलू देऊ नका, हलायची ती मान.

थोडं गरगरणं अपेक्षित आहे, तेच तर काम आहे. थांबल्यावर ते काही मिनिटांत ओसरायला हवं. अर्ध्या तासानंतरही मळमळतच असेल तर तुम्ही जास्त केलंत, पुढच्या वेळी निम्मं करा.

दुसरं, खोलीच्या कोपऱ्यात पाठ करून उभे राहा, समोर खुर्ची. पाय जुळवून आधी डोळे उघडे, मग मिटून, वहिनी शेजारी असताना. कोपरा यासाठी की मागं किंवा बाजूला गेलात तर भिंत धरते.

यात नवं काही नाही. १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न नावाचे कानाचे सर्जन आणि कूक्सी नावाचे डॉक्टर यांनी डोक्याला मार लागलेल्या पेशंटसाठी असे व्यायाम बसवले. त्यात चेंडू झेलणंसुद्धा आहे. तोच गाभा आजही वापरतात.

निवृत्त_मास्तर

धागा वाचतोय. विज्ञान शिकवण्यात हयात गेली, आणि कान मीही कापून घेतलाय, त्यामुळं दोन्हीकडून बोलतो.

गुजरीवाले, तुमच्या कानात ऑपरेशननं मोठी पोकळी केली असेल तर एक अनुभव येईल. दुचाकीवर मागं बसलात आणि गार वारा त्या कानात शिरला की डोकं फिरेल. घाबरू नका. आडवी नळी त्या पोकळीच्या अगदी लगत असते. गार वाऱ्यानं नळीतला द्रव एका बाजूनं थंड होतो आणि वाहायला लागतो, मेंदूला वाटतं मान वळली. रॉबर्ट बारानी या व्हिएन्नाच्या डॉक्टरनं हेच हेरलं. पेशंटचे कान धुताना पाणी गार असलं की बुबुळं एका बाजूला झटके देतात, गरम असलं की उलट बाजूला. त्याला १९१४ चं नोबेल मिळालं, आणि ते जाहीर झालं तेव्हा गडी रशियाच्या ताब्यात युद्धकैदी होता! आजही तोल तपासायला ३० आणि ४४ अंशांचं पाणी कानात सोडतात ती त्याचीच चाचणी. अर्थात ऑपरेशन झालेल्या कानात पाणी घालत नाहीत.

व्यवहारात याचा उपयोग असा: थेंबांची बाटली फ्रिजमधली किंवा गारठलेली असेल तर घालण्याआधी चार-पाच मिनिटं मुठीत धरा. मशिननं कान साफ करताना चक्कर आली तर डॉक्टरांना लगेच सांगा, ते थांबून थांबून करतात, आणि नंतर लगोलग उठू नका. गाडीवर जाताना कानावरून मफलर. लोक हसले तर हसू देत, कोल्हापुरात मे महिन्यातही मफलरवाले दिसतात.

काठी धरायची लाज वाटत असेल तर लांब दांड्याची छत्री घ्या. मी वर्षभर घेऊन फिरायचो. सकाळी सकाळीच म्हणणारी तोंडंही बंद होतात.

शाहूपुरी_पेठ

मीठ बंद करा. माझ्या मेव्हण्याला चक्कर यायची, डॉक्टरनी मीठ तोडलं, बरं झालं. मिसळ, लोणचं, पापड सगळं बंद.

फिजिओताई

मेव्हण्यांना बहुधा मेनिएरचा आजार असेल. त्यात आतल्या कानातल्या द्रवाचा दाब वाढल्याचं मानतात, म्हणून मीठ कमी करायला सांगतात. दादांचा प्रश्न तो नाही. बीपी नसेल तर तांबडा-पांढरा खुशाल ओरपा. पाणी मात्र नीट प्या आणि उपास टाळा. पोट रिकामं असलं की जी अंधारी येते तिचा कानाशी संबंध नसतो, पण माणूस ती कानाच्या खात्यावर मांडतो.

इचलकरंजीची_सून

जरा मधेच विचारते, घाईत आहे. सासूबाईंचं कानाचंच ऑपरेशन झालं, पण दुसरं, ते पिस्टन बसवायचं. ऐकू छान यायला लागलं होतं. दोन दिवस हलकं गरगरलं, थांबलं. आता आठवड्याभरानं काल जोराची शिंक आली, त्यांनी नाक दाबून ती आत जिरवली, आणि तेव्हापासून भयंकर चक्कर. त्या कानानं परत कमी ऐकू येतंय म्हणतात. हे व्यायाम त्यांना सुरू करू का? त्या म्हणतात झोपून बरं वाटेल.

फिजिओताई

व्यायाम नको. आत्ता, आजच सर्जनकडं न्या. उद्याची अपॉइंटमेंट घेत बसू नका, फोन करून निघा.

पिस्टनच्या ऑपरेशनमध्ये रिकिबीच्या, म्हणजे मधल्या कानातल्या सगळ्यात छोट्या हाडाच्या, तळाला छिद्र करून पिस्टन बसवतात. त्या तळापलीकडं लगेच आतल्या कानाचा द्रव आहे. दाबलेल्या शिंकेनं दाब वाढतो, तिथून द्रव झिरपू शकतो किंवा पिस्टन सरकू शकतो. थांबलेली चक्कर परत जोरात आली आणि सोबत ऐकू येणं घटलं, म्हणजे थांबायची वेळ नव्हे. नेताना डोकं उंच ठेवा, जोर काढू देऊ नका, आणि पुढची शिंक तोंड उघडं ठेवूनच.

निवृत्त_मास्तर

ताईंचं शंभर टक्के बरोबर. माझं ऑपरेशन पिस्टनचंच. सुटी देताना डॉक्टरांनी चिठ्ठीवर ठळक लिहून दिलं होतं: शिंक तोंडानं, नाक शिंकरणं बंद, बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, बादली उचलू नका. इचलकरंजीहून निघालात की इथे कळवा.

इचलकरंजीची_सून

कळवायला उशीर झाला. त्याच दिवशी नेलं. ऐकण्याची तपासणी केली, आतल्या कानाला त्रास झालाय म्हणाले. दाखल करून घेतलं, उशी उंच, औषधं सुरू. सुधारलं नाही तर पुन्हा कान उघडून बघावा लागेल म्हणतात. आज चक्कर कमी आहे. सगळ्यांचे आभार, विशेषतः ताईंचे. मी खरंच कार्डावर "क" लिहून बसले होते.

फिजिओताई

वेळेत नेलंत हे फार बरं केलंत.

हा धागा पुढंही कोणी वाचेल, म्हणून लिहून ठेवते. ऑपरेशननंतर चक्कर हळूहळू कमी होत जाणं हे नेहमीचं. कमी होऊन परत उसळणं, सोबत ऐकू कमी येणं, कानातून किंवा नाकातून पाण्यासारखं गळणं, तोंड एका बाजूला वाकडं होणं, ताप येऊन मान आखडणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी सर्जन. आणि एकाचे दोन दिसणं, जीभ जड होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी, यात कानाकडं बघतसुद्धा बसू नका, सरळ मोठ्या दवाखान्याची इमर्जन्सी गाठा. तोंडाला धातूसारखी चव येते, जिभेची एक कड बधिर वाटते, त्याला मात्र घाबरायचं कारण नाही. चवीची एक नस मधल्या कानातून जाते, ती दुखावते, बहुतेकांची काही महिन्यांत सुधारते.

तालमीतला

ताई, गुजरीवाल्या भावाला पवायला न्यू का? पंचगंगेत दोन हात मारलं की सगळं मोकळं हुतंय.

रंकाळा_फेरी

पैलवान, नको हो! पोकळी केलेल्या कानात नदीचं पाणी गेलं की कान परत वाहणार, शिवाय गार पाण्यानं चक्कर येणार ती वेगळीच. आणि पाण्याखाली डोळ्यांना दिसत नाही, पायाखाली जमीन नाही, तोलाला उरतो फक्त कान, आणि तोच अधू. वर कुठं आणि तळ कुठं हेच कळत नाही. काठावर बसून दुसऱ्यांचं पोहणं बघावं.

गुजरीवाला

तपासणीला जाऊन आलो. कान छान भरतोय म्हणाले. फुंकणीचं विचारलं तर हसले, पण साफ नाही म्हणाले. गाल फुगवून फुंकलं की दाब घशामागच्या नळीतून थेट मधल्या कानात जातो, नवा पडदा उचलला जाऊ शकतो. पुढची तपासणी होईपर्यंत गॅसच्या बर्नरवर काम. नथीचं बारीक काम सध्या धाकट्याकडं दिलंय.

व्यायामाचा फरक जाणवतोय. गिऱ्हाइकाकडं मान वर केली की दृश्य जवळजवळ सोबतच येतं. गाडीवर मागं बसून मार्केट यार्डापर्यंत गेलो, मफलर बांधून (मास्तर सर, तुमचं नाव घेऊन). गर्दीत अजून त्रास होतो, मोबाईलची स्क्रीन भराभर सरकवली तरी होतो. आणि एक विचारायचं राहिलं. घर मिरवणुकीच्या वाटेवर आहे. विसर्जनाला साऊंडच्या भिंती लागतात, खिडक्यांच्या काचा थरथरतात. त्यानं काही होईल का?

निवृत्त_मास्तर

त्या दिवशी पाहुण्याकडं जा. चांगला कान असला तरी जा.

फिजिओताई

मास्तरांना अनुमोदन. मोठ्या आवाजानंच समोरचं हलायला लागलं, तर ती गोष्ट सर्जनना आवर्जून सांगा. आतल्या कानाच्या हाडात कुठं उघडी जागा असेल तर आवाजाचा धक्का तोलाच्या नळीपर्यंत पोचतो, त्याला तुलिओची लक्षणं म्हणतात. तुमचं भोक बुजवलेलं आहे, म्हणून काही होईलच असं नाही. पण झालं तर ते महत्त्वाचं आहे.

गाडी स्वतः चालवायची तर माझी पेशंटना अट अशी: चालता चालता खांद्यावरून मागं बघितलं तरी पाय सरळ रेषेत पडले पाहिजेत, आणि अंधारातही तोल राहिला पाहिजे. मग सर्जनची परवानगी, मग दिवसा, मोकळ्या रस्त्यावर. गगनबावड्याचा घाट इतक्यात नाही. गेलात तर पुढच्या सीटवर, नजर लांब रस्त्यावर.

गुजरीवाला

कार्डाच्या व्यायामानं आता काहीच गरगरत नाही. बंद करू?

फिजिओताई

बंद नाही, अवघड करा. आता बसून नको, उभ्यानं करा. मग पाय जुळवून. मग कार्डाच्या मागं मोठ्या चौकड्यांची चादर टांगा. गर्दीत तुम्हाला जे होतं ते नजरेला खूप काही दिसल्यामुळं होतं, चौकड्या त्याचीच तयारी करून घेतात. आणि सर्दी, ताप, जागरण झालं की एखादा दिवस जुनी चक्कर डोकावेल, तेव्हा सगळं मुसळ केरात गेलं असं समजू नका. दोन दिवसांत परत बसतं.

तालमीतला

चादर न्हाई घावली तर चौकड्याची लुंगी चालंल का?

फिजिओताई

चालेल. पंखा बंद ठेवा फक्त. हलणारी लुंगी पुढच्या महिन्यात.